उचलली जीभ, लावली टाळ्याला

लग्न होऊन मी वसईजवळच्या उमेळ्याला आले, तेव्हापासून माझ्या सासूबाईंनी माझ्यासाठी एक म्हण राखून ठेवली आहे. कुणी विचारलं, "सून कशी आहे?" की त्या म्हणतात, "हाय चांगली, पन उचलली जीभ, लावली टाल्याला." म्हणजे सून विचार न करता बोलते. हे अगदीच खोटं नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं, वडील शिक्षक, आणि मीही वसईत शाळेत मराठी शिकवते. बोलणं हा आमच्या घराण्याचा धंदा आणि तोच विरंगुळा.

तर या माझ्या जिभेला कर्करोग झाला.

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला नुकतंच असं काही सांगितलं गेलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. औषधांची नावं आणि आजाराच्या पायऱ्या डॉक्टरांना विचारा, न लाजता दोनदा विचारा. मी फक्त माझ्या बाजूने ते कसं गेलं ते सांगेन. आणि आधीच सांगून टाकते, मी बरी आहे. ते शेवटपर्यंत ताणून धरण्यात मला रस नाही. माझा जीव अडकला होता तो दुसऱ्याच गोष्टीत, माझं बोलणं उरेल की नाही यात.

दाढेवर आळ

जिभेच्या उजव्या कडेला एक जखम झाली होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. तिथल्या दाढेचा टवका उडाला होता आणि तो टोचायचा, म्हणून मी सगळा आळ दाढेवर घेतला. सासूबाईंनी परसातल्या जाईचा पाला चघळायला दिला. मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या. शाळेत परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते, आणि जखम फारशी दुखतही नव्हती. जे दुखत नाही त्याला आपण वेळ देत नाही. तंबाखू, सुपारी मी कधी तोंडात धरलेली नाही, त्यामुळे त्या दिशेने मन गेलंच नाही.

माझे यजमान सुधीर गोखिवऱ्याला एका छोट्या कारखान्यात साचे बनवतात. केसाएवढी खाच राहिली तरी अख्खा माल वाया जातो, त्यामुळे कडा तपासायची त्यांना सवयच आहे. एक दिवस मला आ करायला लावून त्यांनी मोबाईलच्या उजेडात पाहिलं आणि म्हणाले, "हे महिनाभर आहे तसंच आहे. उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं. पेपरबिपर राहू देत."

डॉक्टरांनी दाढ घासून गुळगुळीत केली आणि पंधरवड्याने परत बोलावलं. दाढ सुधारली, जखम नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी बराच वेळ पाहिलं, बोटाने चाचपलं, मग हातमोजे काढून ठेवले आणि स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. डॉक्टर उभ्याउभ्या बोलत असतात तोवर काळजी नसते. स्टूल ओढून बसले की समजावं.

"टीचर, मला हे आवडत नाहीये," ते म्हणाले. "आणखी एक मलम देऊन मी तुमचा महिना घालवणार नाही. मुंबईला मोठ्या रुग्णालयात जा. मी फोन करतो."

त्यांनी मलम दिलं असतं तर मी आनंदाने घरी गेले असते. आज मी ज्यांचे आभार मानते त्यांत पहिले ते, त्या न दिलेल्या मलमासाठी. तोंडातली कुठलीही जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. एवढं एकच वाक्य या लेखातून कुणी घेतलं तरी माझं काम झालं.

मी काय विचारलं

तपासणीचा निकाल सांगणाऱ्या सर्जन मॅडम माझ्याच वयाच्या होत्या. त्या म्हणाल्या, "कॅन्सर आहे. लहान आहे. लवकर आलात. ऑपरेशन करून काढता येईल." इतकी नेटकी वाक्यं मी मुलांकडून निबंधात कधी लिहून घेऊ शकले नाही.

मी विचारलं, "बोलता येईल का?"

"येईल. कसं येईल, ते किती काढावं लागतं त्यावर. टोक वाचलं तर बरंच वाचेल. पण जीभ वर वळवून टाळ्याला लावावी लागते ते आवाज अवघड जातील."

"म्हणजे कुठले?"

"ट, ड. मुख्य म्हणजे ण आणि ळ."

मी तिथेच बसून मनातल्या मनात शब्द म्हणून पाहिले. पाणी. बाळ. फळा. शाळा. आणि ज्या गावात राहते ते उमेळे. पंचवीसेक वर्षं ज्या दोन गोष्टींसमोर उभी राहिले, तो फळा आणि ती शाळा, दोन्ही एका ळ-बरोबर जाणार होत्या.

परतताना सुधीर गाडी चालवत होते. घोडबंदरच्या पुढे आल्यावर म्हणाले, "तू जगण्याचं विचारलंच नाहीस."

"ते तुम्ही विचाराल असं वाटलं."

"विचारणार होतो. तू मध्ये बोलायला जागा दिलीस?"

मग आम्ही वसई येईपर्यंत भांडलो. कुणी जोरात बोललं, खिडकी का उघडी ठेवली, बहिणीला फोन आधी का केला, काहीही. त्या भांडणाने बरं वाटलं. सगळं बदललं नव्हतं.

घरी सासूबाई करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, सोलत बसल्या होत्या. सुधीरनी सांगितलं. त्यांचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. "जिभेला हार नाय," त्या म्हणाल्या, "मंग मोरनार काय?"

बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. सासर खाडीकडच्या शेतकऱ्यांचं, घरची बोली आगरी. या बोलीत पाणी ते पानी, काळा तो काला, गाडी ती गारी आणि हाड ते हार. जिभेला हाड नाही, मग मोडणार काय, असं त्या मला धीर देत होत्या. आमची लेक ऋचा लहान असताना मी तिला दर वेळी थांबवून "पाणी म्हण" म्हणायचे. ती माझ्यासमोर पाणी म्हणायची आणि आजीकडे जाऊन पानी प्यायची.

सासूबाई धवलारीन आहेत. आमच्याकडे लग्नात प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीन. हळद असो, तेल असो, धवल्याशिवाय पुढे सरकत नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मीही हौसेने त्यांच्या मागे बसून गायला लागले होते, खणखणीत आवाजात, "पाणी" म्हणत. बायका हसून हसून लोळल्या. एक जण म्हणाली, "मास्तरीनीचा धवला म्हंजे शालेची प्रार्थना!" तेव्हापासून मी धवल्यात नुसतं तोंड हलवते.

निळा उजेड

रुग्णालयात मैत्रेयी नावाची मुलगी भेटली. ती डॉक्टर नव्हती. भौतिकशास्त्र शिकलेली होती आणि उजेडाने आजार कसा पाहता येईल यावर तिथे एक गट संशोधन करत होता, त्यात काम करत होती. ऑपरेशनच्या आधी माझ्या जिभेची छायाचित्रं घेऊ का, असं तिने विचारलं. उपचार थांबणार नव्हते, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, एवीतेवी तोंड उघडून बसायचंच आहे.

त्या दिवशी सासूबाई हट्टाने बरोबर आल्या होत्या. त्यांनी मैत्रेयीला विचारलं, "भाजतं का गो?"

"नाही आजी. टॉर्चसारखं. फक्त निळा उजेड."

"आनि त्यात दिसतं काय?"

मैत्रेयीने सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. आपल्या शरीराला स्वतःचा एक मंद उजेड असतो. एरवी तो दिसत नाही. खोलीत अंधार करून निळा प्रकाश टाकला की निरोगी जागा त्याला हिरवट उजेडाने उत्तर देते. आजार शिरला की ते उत्तर विझत जातं आणि तिथे काळं दिसतं. कधी कधी डोळ्याला काही दिसायच्या आधीच.

दिवे मालवले. मला काळपट चष्मा दिला, आणि समोरच्या पडद्यावर मी माझी जीभ पाहिली. पोपटी! केळीच्या नुकत्या उलगडलेल्या पानाचा असतो तसा रंग. आणि उजव्या कडेला, जखमेच्या जागी, काळा डाग. काही अशुभ बोललं आणि ते खरं झालं की सासूबाई मला म्हणायच्या, "काल्या जिभेची गो तू." ते आठवून मला हसू आलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता.

मैत्रेयीने कॅमेरा पुन्हा पुन्हा फिरवला. जखमेचा डाग अपेक्षित होता. पण त्याच्यापासून एक चिंचोळी काळी वाट मागे, घशाच्या दिशेने गेली होती. दिवे लावले की तिथे जीभ गुलाबी, गुळगुळीत, काहीच नाही. दिवे घालवले की ती वाट पुन्हा हजर.

तिने मॅडमना बोलावलं. त्यांनी पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं. मग मला म्हणाल्या, "मला इथे काही लागत नाही. आणि हे यंत्र कधी कधी चुकतं, साधी सूज असली तरी काळं दाखवतं. त्यामुळे त्याच्या एकट्याच्या सांगण्यावरून मी कापणार नाही. तिथला कणभर तुकडा तपासायला पाठवते."

पुढचे दिवस मी देवाकडे एकच मागितलं, यंत्र खोटं ठरू दे. कारण ते खरं निघालं तर जीभ आणखी जाणार होती.

ते खरं निघालं. मागच्या त्या वाटेतही सुरुवात झालेली होती. मॅडम म्हणाल्या, "तुकडा थोडा मोठा निघेल. टोक आपण वाचवू. वर वळणं किती राहील, ते मी आज सांगू शकत नाही."

बाहेर मैत्रेयी भेटली आणि मी तिच्यावर उखडले. उचलली जीभ. "तुझ्या उजेडाने माझा ण नेला," मी म्हटलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "टीचर, मी काढत काहीच नाही हो," ती म्हणाली. "मला फक्त दिसतं."

गाडीत बसल्यावर सुधीर शांतपणे म्हणाले, "साच्याची कड आत तडकली असेल आणि कुणी वेळेवर दाखवलं, तर मी त्याला चहा पाजतो." ती काळी वाट न दिसता तिथेच राहिली असती तर काय झालं असतं, हे मला कळत होतं. फक्त ते कबूल करण्याएवढं मन अजून मोठं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी मैत्रेयीला फोन केला आणि म्हटलं, ऑपरेशनच्या वेळीही तुझा कॅमेरा घेऊन ये. ती म्हणाली, "येणारच होते."

नळीचे दिवस

ऑपरेशनबद्दल मला काहीच माहीत नाही. जागी झाले तेव्हा तोंडात दुसऱ्याच कुणाची तरी सुजलेली जीभ ठेवल्यासारखं वाटत होतं. नाकात नळी, मानेला पट्टी, कारण तिथल्या गाठीही तपासायला काढल्या होत्या.

वॉर्डातला दिवस शाळेसारखाच असतो. सकाळी झाडलोट, मग चादरी ताणून नीट करायच्या, मग मॅडम आणि त्यांच्यामागे शिकाऊ डॉक्टरांची रांग, अगदी शाळा तपासणीला साहेब आल्यासारखी. सगळे पेशंट शहाण्या मुलांसारखे सरळ बसायचे. नळीतून दूध, ताक, गाळलेली पेज. चव कशालाच नाही, कारण नळी जिभेला वळसा घालून जाते. ऋचा पुण्याहून आली होती. ती पेज ढकलताना प्रत्येक वेळी सांगायची, "आता ही वरणभाताची आहे. आता ही सोलकढी समज." खोटारडी कुठली. पण मला सोलकढी लागायची.

पापडी गावच्या फिलोमिना टीचर माझे वर्ग सांभाळत होत्या. त्या भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "आम्ही चर्चमध्ये तुमच्या नावाने मिस्सा, खास प्रार्थना, ठेवली. तुमच्या सासूबाईंनी गावदेवीला नवस केलाय म्हणे. अर्ज दोन्ही खात्यांकडे गेलाय, कुठून तरी मंजुरी येईल." मला हसता येत नव्हतं. टाके ओढले जायचे. मी डोळ्यांनी हसले आणि मग डोळ्यांनीच रडले.

मंजुरी आली. मॅडम स्वतः सांगायला आल्या. "सगळ्या कडा स्वच्छ आहेत. गाठींत काही नाही. आणि मागच्या बाजूला उजेडाने दाखवलं होतं तिथे खरोखर होतं. आता नाही."

त्या दिवशी मैत्रेयी दारातच घुटमळत होती. मी तिला हाताने बोलावलं आणि तिचा कॅमेऱ्याचा हात धरून कपाळाला लावला. बोलता आलं असतं तर कदाचित काहीतरी फालतू बोलले असते. बरं झालं.

पाटीवरची कोलंबी

बोलायचं नव्हतं म्हणून ऋचाने मला लिहून पुसता येते ती पाटी आणून दिली होती. रुग्णालयात उत्तम चाललं. घरी आले आणि लक्षात आलं की दिवसभर घरात आम्ही दोघीच. सुधीर कारखान्यात, ऋचा परत पुण्याला. मला बोलता येत नव्हतं आणि सासूबाईंना वाचता येत नाही.

पहिल्याच दुपारी मी सवयीने पाटीवर "पाणी" लिहून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी पाटी उलटसुलट करून पाहिली. "हे काय कारलंस?" म्हणजे काय काढलंस. "कोलंबी?"

मी मान हलवली. पुन्हा लिहिलं, मोठ्या अक्षरात, जणू त्यांची नजर कमी होती. मास्तरीनच ती.

"मोठी कोलंबी," त्या म्हणाल्या. "पन तुना आता नाय द्यायची."

मग पाटी बाजूला पडली आणि आमच्या खुणा सुरू झाल्या. एक टाळी म्हणजे इकडे या, दोन म्हणजे नको, गळ्याला हात म्हणजे दुखतंय. बोलायचं काम त्यांनी दोघींचं मिळून केलं. उमेळ्यातल्या कुठल्या वाडीवर कुठली इमारत उभी राहिली, केळी कुठे होती, विहीर कुठे बुजवली, कुणाच्या लग्नात कुठला धवला म्हटला, तोही गाऊन, सगळं. इतक्या वर्षांत मी त्यांचं एवढं ऐकलं नव्हतं, कारण मी गप्प बसायची ही पहिलीच वेळ होती.

नळी निघाली. थोडं थोडं बोलायची परवानगी मिळाली, पण मला धाडस होईना. एका दुपारी खूप तहान लागली, सासूबाई पाठमोऱ्या होत्या आणि टाळी त्यांना ऐकू गेली नाही. मी ताकद लावून म्हटलं, "पाणी." निदान मला तसं म्हणायचं होतं. जीभ वर गेलीच नाही. टोक दातांमागे टेकलं आणि तोंडातून आलं, "पानी."

सासूबाई वळल्या. त्यांनी तांब्या भरून आणला, माझ्या हातात दिला आणि समाधानाने म्हणाल्या, "हां. आता कशी नीट बोललीस!"

आमच्या घरात माझा उच्चार चुकला असं वाटलेली मी एकटीच होते.

व्यायाम

वाचा उपचार करणाऱ्या ताईंनी पहिल्याच दिवशी व्यायाम सांगितला. "काही अवघड नाही. जीभ उचलायची, टाळ्याला लावायची."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सुधीर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बाहेरून त्यांचं हसणं ऐकू येत होतं. ताईंना काही समजेना, म्हणून मी अडखळत सासूबाईंची म्हण सांगितली. त्याही हसल्या, मग म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, जन्मभर ज्याला नावं ठेवलीत तेच औषध निघालं."

ते काम किती कठीण आहे ते तेव्हा समजलं. मधाचं बोट टाळ्याला लावून जिभेने चाटायचा प्रयत्न करायचे. सासूबाई समोर बसून उत्तेजन द्यायच्या. "उचल गो. लाव टाल्याला. आपली सून हाय, जमंल." र यायला वेळ लागला, पण आला. क, ग सुधारले. ट जरा त-कडे झुकतो, तरी लोकांना कळतो. ण आणि ळ मात्र आले नाहीत. ताई म्हणाल्या, प्रयत्न चालू ठेवा, पण ते नाही आले तरी तुमचं बोलणं पूर्ण आहे असं समजा.

समजणं सोपं नव्हतं. मी आरशासमोर "शाला" म्हणायचे आणि मला माझाच राग यायचा. भीती मरणाची नव्हती, वर्गाची होती. आणि त्याआधी, खरं सांगायचं तर, घराबाहेरच्या कुठल्याही अनोळखी माणसाची.

पहिल्यांदा एकटी बाहेर पडले ती वसई रोडला औषधं आणायला. परतताना रिक्षाशी उभी राहिले. गावाचं नाव सांगायचं होतं. मागे माणसं होती. मी घाम पुसला आणि म्हटलं, "उमेले."

रिक्षावाल्याने मागे वळूनही पाहिलं नाही. "बसा काकी," म्हणाला. "उमेल्यात कुठं, देवलाजवल?"

मी बसले. वाटेत मी त्याला उगाचच आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. त्याला वाटलं असेल, बाई फार बोलते.

शाळेत परतले त्या दिवशी मुलांना आधीच सांगून टाकलं. "माझी जीभ थोडी कापली आहे. दोन अक्षरं माझ्याकडून निघत नाहीत. मी पानी म्हनेन," फळ्यावर "पाणी" लिहून मी म्हटलं, "तुम्ही हे लिहायचं. जमेल?" मग मागून एक मुलगी म्हणाली, "टीचर, आमच्या घरी सगळे पानीच म्हणतात. आम्हाला सवय आहे." परीक्षेत शुद्धलेखन त्यांनी नेहमीपेक्षा चांगलं लिहिलं. माझं बोलणं ऐकताना प्रत्येक शब्दाशी थांबून विचार करावा लागत होता, हे त्याचं कारण असावं.

हिरवं

तपासणीला अजून जाते. दर वेळी भीती वाटते, ती कमी होत नाही, कमी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. दिवे मालवले जातात, मैत्रेयी निळा उजेड टाकते आणि मी श्वास धरून पडद्याकडे बघते. कापलेल्या जागी जीभ आखूड झाली आहे, कडा वेडीवाकडी आहे. पण हिरवी आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मागच्या खेपेला सासूबाईही आल्या होत्या. पडदा पाहून त्या मैत्रेयीला म्हणाल्या, "चुऱ्याचा रंग हाय गो हा. नवरीच्या चुऱ्याचा." मैत्रेयीला कळलं नाही. मी सांगितलं, नवरीच्या हातातल्या हिरव्या चुड्याबद्दल बोलत आहेत. ती म्हणाली, "आजी, मी हे आमच्या गटाला सांगते. आम्ही याला नुसता आकडा देतो."

गेल्या मोसमात माझ्या दिराच्या मुलाचं लग्न झालं. हळदीला सगळं गाव लोटलं होतं. सासूबाई पाटावर बसल्या, पदर सावरला आणि धवला सुरू केला. मी नेहमीसारखी त्यांच्या मागे, नुसतं तोंड हलवत. दम्याने अलीकडे त्यांचा श्वास पुरत नाही. मध्येच त्या थांबल्या. दोन्ही बाजूंच्या बायका वाट बघत राहिल्या, कारण पुढचं त्यांच्यातल्या कुणालाच येत नव्हतं.

त्यांनी मागे न बघता माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तू घे."

मला ते येत होतं. पाटीच्या दिवसांतल्या त्या सगळ्या दुपारी मी ते ऐकलं होतं. मी घेतलं.

"हलदीचं पानी गो, आनलं कोनी,
आनलं गो आईनी, खारीवरुनी..."

आवाज आधी कापरा होता. मग बायकांनी ओळ उचलली आणि मला आधार मिळाला. पानी, हलद, आनलं, खाडीची खारी. एकाही शब्दाला जीभ अडली नाही. ती टाळ्यापर्यंत जावी असं त्या गाण्याने एकदाही मागितलं नाही. कुणी हसलं नाही. सासूबाई डोळे मिटून हळूहळू मान डोलवत होत्या, आणि सुधीर मांडवाच्या खांबाशी पाठ फिरवून उभे होते, म्हणजे रडत होते.

धवला संपला. समोर बसलेली एक म्हातारी, नवरीकडची, पलीकडच्या गावची, माझ्याकडे निरखून बघत होती. तिने विचारलं, "कंच्या गावची गो तू? गला चांगला हाय."

साताऱ्याची, असं तोंडात आलं होतं. या प्रश्नाला मी आजवर तेच उत्तर देत आले. पण या वेळी उचलली जीभ, आणि ती गेली तिथवर लावली.

"उमेल्याची," मी म्हटलं.